दुरुस्ती

नोटीस बोर्डाची काच फुटलेली. आत माझं नाव,
अश्लेषा सोपान भिंगारदिवे, संख्याशास्त्र, तिसरं वर्ष.
त्याच्यावर जाड अक्षरात तिचं:
कै. कु. विमल दत्तात्रय आगटे गुणवत्ता शिष्यवृत्ती.
रक्कम रुपये दोनशे दहा फक्त.

कै. आणि कु.
एकाच नावाला दोन्ही.
हातातला चहा गार होईपर्यंत मी तिथेच.

बाकीच्या शिष्यवृत्त्या मला तोंडपाठ आहेत.
एक पोर्टलवर अडकते, एक आधारला,
एक बापाच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर, आणि बाप कुठे असतो
ते तलाठ्यालाही माहीत नाही.
ही मात्र मिळते खिडकी क्रमांक नऊला.
"समक्ष येऊन नेणे. एक ते दोन जेवणाची सुट्टी.
सुट्टीत विचारू नये, आम्हालाही भूक लागते."

गणेशखिंडीतून चालत गेले, दोनला पाच कमी.
बोनाफाईड? दिलं.
गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत? दिली.
रेव्हेन्यू स्टॅम्प?
एवढ्याशा रकमेला लागत नाही, हे अगदी ओठांवर आलेलं.
पण पुण्यात खिडकीशी वाद घालू नये
हा विषय मी पहिल्याच वर्षी पूर्ण केलाय. त्याचे क्रेडिट मिळत नाहीत.
बाईंनी आपल्याच पर्समधून एक काढला,
स्पंजवर ओला केला, आणि रजिस्टर माझ्याकडे फिरवलं.

कापडी पुठ्ठा. पहिल्या पानाला चिकटवलेलं पत्र, टाइप केलेलं,
साल अठ्ठावन्न. लिहिणारा ओव्हरसियर, पाटबंधारे खातं.
"माझी कन्या चि. विमल ही बी.एस्सी.च्या परीक्षेस बसली असता
व दोन पेपर राहिले असता..."
पुढे टाइपरायटरने दोन ओळी सोडल्यात.
मग एकदम, सबब रुपये तीन हजार.
व्याजातून दरसाल. गणितात पहिली येईल त्या मुलीस.

चि. वर तांबडी रेघ.
वर कुणा कारकुनाने नीटस अक्षरात: कै.
बाजूला त्याची आद्याक्षरं, तारीख.
नियमाप्रमाणे बरोबर होतं त्याचं.
रेघ पातळ आहे. खालचं वाचता येतं.

नंतर सह्या. पानामागून पान.
शाईच्या, बॉलपेनच्या, एक चक्क पेन्सिलीची.
अडुसष्ट साली "पात्र विद्यार्थिनी नाही".
सुरुवातीच्या मुलींची यात सात महिन्यांची खानावळ निघाली असेल.
माझ्या तीन थाळ्या. तिसरीत पापड नाही.

एक्याण्णवसमोर व. ना. घुगरे.
शेवटच्या रेच्या मात्रेला एक उगाचच वळण,
पतंगाच्या शेपटीसारखं.
माझ्या पावतीवर बाईंनी सही केली.
आडनाव वेगळं. वळण तेच.

मी वर पाहिलं.
"चौकटीत कर सही," त्या म्हणाल्या, "बाहेर गेली की ऑडिटवाले ओरडतात."
"नावाआधी कु. लिहायचं का?"
"ते तुझं तू ठरव."
नुसतं नाव लिहिलं.
दोन वाजले होते. त्यांनी डबा उघडला नाही,
रजिस्टर बंद करण्याआधी पहिलं पान एकदा सरळ केलं,
दुमडलेलं नसताना.

पैसे आठवड्याने आले.
त्याच दिवशी बँकेने एसएमएसचे सतरा रुपये सत्तर पैसे कापले.
एसएमएस करून कळवलंही.

रात्री आईला फोन. अंगणवाडीचा अहवाल भरत होती.
म्हटलं, चौथ्या वर्षाला ऑनर्समध्ये घेतलंय.
"म्हणजे मानाचं?"
हो.
"तुमच्या पुण्यात गणपतीच मानाचे असतात असं वाटलं.
मग मानाच्या वर्षाला फी नसेल."
असते गं.
ती गप्प. पेनचं टोपण लावल्याचा आवाज.
मग म्हटलं, शिष्यवृत्ती पण मिळाली एक.
"कुणी दिली?"
विमलने.
"तुझ्या वर्गातली का?"

हो, म्हटलं.
पुढच्या बाकावर बसते.
दोन पेपर राहिलेत तिचे.